रेअरीचा पायबंद

ग्वाल्हेरच्या लष्करात माझे लहानपण गेले. मध्यभारत होऊन पाच-सहा वर्षे झाली होती. संस्थानी पागा मोडत चालल्या होत्या, आणि ज्या घरांचा पागेशी दोन-दोन पिढ्यांचा संबंध, त्यांच्या दारी एखादे जनावर उगीचच येऊन बांधले जाई. आमच्याही दारी अशीच एक कुमैत घोडी आली. नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती स्वस्तात घेतली होती. स्वस्त का, ते दुसऱ्याच दिवशी कळले. स्वारीला ती फार मऊ होती. एकदा मांड ठोकली की पाण्यासारखी चाले. तिचे सारे वैर जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाशी होते. थानात कोणी शिरले की कान मागे पाडून ती पुठ्ठा फिरवी. तंग आवळताना दात दाखवी. मागला डावा पाय तर ती कोणालाच उचलू देत नसे. नालबंद आमची गल्ली टाळून जाऊ लागला.

आमच्याकडे एक म्हातारे मोतद्दार होते. उभा जन्म पागेत गेलेला. आम्ही मुले त्यांना बाबा म्हणत असू. त्यांनी नानांकडे एक महिन्याची मुदत मागितली. रोज सकाळी ते थानाच्या दाराशी पोते अंथरून नुसते बसून राहत. घोडीकडे पाहतसुद्धा नसत. पंधरा दिवसांनी ती त्यांच्या खांद्याशी नाक आणू लागली. नेमक्या त्याच सुमारास मी मूठभर हरभरे घेऊन तिच्याकडे गेलो आणि लाथ खाल्ली. हाड वाचले, पण तीन आठवडे अंथरुणाला खिळलो. मी उठून चालू लागण्याआधीच नानांनी घोडी मेळ्यात नेऊन विकली. आमचा मेळा १९०५ साली माधवराव महाराजांनी सुरू केला तो मुळात जनावरांचाच. तिथे गिऱ्हाईक मिळायला उशीर लागला नाही. बाबांचा महिना पुरा झालाच नाही.

ही गोष्ट मी जवळजवळ विसरलो होतो. नोकरीतून मोकळा झाल्यावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक पातळसे इंग्रजी पुस्तक हाती आले आणि ती पुन्हा वर आली. पुस्तक होते जॉन सॉलोमन रेअरी या अमेरिकन गृहस्थाचे. आज त्याचे नाव घोड्यांच्या नादी लोकांखेरीज फारसे कोणी घेत नाही. पण १८५८ साली लंडनमध्ये राणीपासून खानसाम्यापर्यंत सर्वांच्या तोंडी तेच नाव होते. घोड्याचा स्वभाव पाठीवर बसून कळत नाही, त्याच्या शेजारी पायउतार होऊन उभे राहावे लागते, हे त्याने सगळ्या युरोपला दाखविले. त्याचे चरित्र आज सांगावेसे वाटते, त्याला माझे स्वतःचेही एक कारण आहे.

रेअरीचा जन्म ६ डिसेंबर १८२७ चा. अमेरिकेतल्या ओहायो प्रांतात, कोलंबस शहराजवळ, कालव्याच्या काठी ग्रोव्हपोर्ट नावाचे गाव आहे. ते त्याचे गाव. या गावाच्या नावाची कथा मौजेची आहे. तिथे शेजारी-शेजारी दोन वस्त्या होत्या. एक वर्ट नावाच्या गृहस्थाने वसविलेली, दुसरी जॉनच्या वडिलांनी, ॲडम रेअरी यांनी. आपल्याच वस्तीचे नाव राहावे असे दोघांनाही वाटे. अखेर १८४७ साली एका नावातला ग्रोव्ह आणि दुसऱ्यातला पोर्ट असे दोन तुकडे जोडून तंटा मिटविण्यात आला. अशा नव्या, धडपड्या मुलखात, घोड्यांच्या सहवासात जॉन वाढला. नांगराला घोडा, गाडीला घोडा, कालव्यावरची नाव ओढायलाही घोडाच. चांगला घोडा घरात असणे म्हणजे अर्धी लक्ष्मी असणे, आणि बिघडलेला घोडा म्हणजे घराला लागलेली साडेसाती.

शिंगरू शिकविण्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ मोडणे असाच होतो. त्या काळी प्रकारही तसाच होता. दोर टाकून पकडायचे, तोंडात लोखंड घालायचे, पाठीवर बसायचे आणि एक कोण तो थकेपर्यंत चाबूक चालवायचा. रेअरी आरंभी याच वाटेने गेला आणि त्याने पुष्कळ पडझड सोसली. मात्र इतर चाबुकस्वार पडल्यावर घोड्याला शिव्या देत उठत, आणि हा पडल्यावर विचार करीत उठे. घोडा आपल्याला पाडतो तेव्हा त्याला काय वाटत असेल, हा प्रश्न त्याला पडला. त्या प्रश्नातच त्याचे पुढचे सगळे आयुष्य आहे.

विचाराअंती तीन गोष्टी त्याच्या मनात पक्क्या झाल्या. पहिली अशी की, जे मागणे घोड्याला पुरते उमगले आणि जे त्याच्या प्रकृतीला धरून आहे, त्याला तो सहसा विरोध करीत नाही; तो झगडतो ते आपले म्हणणे न समजल्यामुळे. दुसरी अशी की, आपल्या अंगात किती बळ आहे हे घोड्याला अनुभवाबाहेर ठाऊक नसते. बारा-बारा मण ओढणारे जनावर कच्च्या दोरीला बांधलेले उभे राहते, ते याचमुळे. पण ती दोरी तोडता येते हे एकदा कळले की ते कायमचे कळते. तिसरी अशी की, कितीही भयंकर वाटणारी वस्तू घोड्याला त्याच्या रीतीने तपासू दिली, म्हणजे पाहू दिली, हुंगू दिली, नाकाने चाचपू दिली, आणि तिच्यापासून वेदना झाली नाही, तर तिचे भय उरत नाही. घोड्याचे नाक हीच त्याची बोटे. छत्री पाहून बुजणाऱ्या घोड्याला चाबूक मारला, तर त्याच्या मनात छत्री आणि मार यांची गाठ बसते आणि पुढल्या खेपेस तो दुप्पट बुजतो.

आज हे वाचताना यात नवे ते काय असे वाटेल. आपल्याकडचे जुने मोतद्दार हे न बोलता करीत आले होते. पण करणे वेगळे आणि कोणालाही शिकविता येईल असे मांडणे वेगळे. घोडे वश करणारे फिरस्ते तोवर युरोप-अमेरिकेत पुष्कळ होऊन गेले होते. कोणी घोड्याच्या कानात कुजबुजे, कोणी तळहाताला उग्र वासाचे तेल लावी. सगळ्यांचा भर गूढतेवर. आयर्लंडमधला सलिव्हन नावाचा असाच एक प्रसिद्ध पुरुष आपली विद्या बरोबर घेऊन गेला. रेअरीने १८५६ साली कोलंबसमध्ये रानटी घोडे माणसाळविण्याच्या आधुनिक कलेवर आपली छोटी पुस्तिका छापली आणि जे होते ते कागदावर उतरविले. ते सगळेच त्याच्या एकट्याच्या डोक्यातले नव्हते हेही सांगितले पाहिजे. डेंटन ऑफट म्हणून एक गृहस्थ त्याच्या आधीपासून घोडे शिकवीत असे आणि त्यावर लिहीतही असे. अब्राहम लिंकन तरुणपणी ज्याच्या दुकानात नोकरीला होता तोच हा ऑफट. रेअरीने आपली विद्या उचलली अशी त्याची तक्रार होती. विद्येच्या बाबतीत असे वाद आपल्या गवयांच्या घराण्यांतही कमी नाहीत. त्यात आपण शिरू नये.

गुडइनफ नावाचा टोरांटोचा एक व्यापारी रेअरीला भागीदार म्हणून मिळाला. दोघांनी आधी कॅनडातल्या ब्रिटिश सेनापतीला प्रयोग दाखविले, त्याच्याकडून लंडनच्या लष्करी अधिकाऱ्यांना पत्रे घेतली आणि १८५७ च्या अखेरीस ते इंग्लंडला उतरले. गोऱ्या वर्णाचा, सडपातळ, मृदू बोलणारा हा तिशीतला माणूस पाहून तिथल्या मिशाळ घोडदळवाल्यांना हसूच आले असेल. पण जानेवारी १८५८ मध्ये विंडसरला व्हिक्टोरिया राणीपुढे त्याचा प्रयोग झाला आणि हसणे थांबले. राणीच्या थोरल्या मुलीचे लग्न त्याच महिन्यात होते. लग्नाला जमलेल्या पाहुण्या राजेरजवाड्यांनीही त्याचे कसब पाहिले. मग टॅटरसॉल या घोड्यांच्या जुन्या पेढीवर वर्गणीची यादी उघडली गेली. पाचशे वर्गणीदार व्हायचे, प्रत्येकाने दहा गिनी भरायच्या, आणि शिकविलेले कोणाला सांगणार नाही असे वचन द्यायचे. मार्चमध्ये वर्ग सुरू झाले.

तरीही शंकेखोर होतेच. राजाच्या तबेल्यातले घोडे नाहीतरी शहाणेच असतात, असे ते म्हणत. त्यांनी क्रूझरचे नाव पुढे केले.

क्रूझर हा लॉर्ड डॉर्चेस्टर यांचा शर्यतीच्या रक्ताचा वळू घोडा. देखणा, आणि तितकाच घातकी म्हणून नावाजलेला. जवळजवळ तीन वर्षे त्याच्यावर कोणी बसले नव्हते. त्याला विटांच्या भिंतींच्या कोठीत कोंडून ठेवीत आणि डोक्याला लोखंडी पट्ट्यांचे चार-चार शेर वजनाचे मुसके अडकवीत. हे मुसके घालायलाच माणसांचा जीव टांगणीला लागे. खाणेपाणी द्यायला आत जाण्याची कोणाची छाती नव्हती. माणूस दिसला की तो किंचाळत अंगावर येई. भिंतीला लाथा घाली. लाकूड दाताने फोडून काढी. त्याला गोळी घालावी असा विचार मालकाच्या मनात येऊन गेला असेल तर नवल नाही.

एप्रिल १८५८ मध्ये रेअरी हँपशायरमधल्या मरेल ग्रीन येथे त्याला भेटायला गेला. घोडा आपल्याकडे आणवून घेणे त्याला शक्य नव्हतेच, आणि त्या जिन्नसाला त्याच्या स्वतःच्या कोठीतच भेटणे त्याला बरे वाटले असावे. आत गेल्यावर साधारण तीन तासांनी तो बाहेर आला तेव्हा क्रूझर त्याच्यामागून चालत होता. रेअरी त्याच्यावर बसला. मग मालक स्वतः बसला. त्यानंतर तो घोडा लंडनला नेण्यात आला, आणि ज्याच्या थानाजवळून माणसे पळत होती तो रोज शेकडो माणसांच्या गर्दीत रेअरीच्या हाताखाली उभा राहू लागला. वर्गणीची यादी पाहता पाहता भरली.

त्या तीन तासांत आणि इतर प्रयोगांत त्याने काय केले ते आता सांगतो, कारण खरी मेख तिथेच आहे.

पहिली अट, जागा बंद असावी आणि तिथे माणूस एकच असावा. कुत्रे नको, बघे नकोत, आरडाओरड नको. दाराशी थांबून घोड्याला आपल्याकडे पाहू द्यायचे. मग सावकाश, खांद्याच्या रोखाने, जवळ जायचे. हात प्रथम नाकाशी. तो हुंगून झाला की मानेवर, मग खांद्यावर, मग पाठीवर. लोम असेल त्या दिशेने. आवाज एकसारखा आणि हलका. शिकविणाऱ्याच्या मनात दोन गोष्टींना थारा नसावा, भीती आणि राग. या दोन्ही घोड्याला आपल्याआधी कळतात.

इतक्याने न ऐकणाऱ्या घोड्यासाठी त्याच्याजवळ दोन चामडी पट्टे होते. आपल्याकडे पागेत अगाडी-पिछाडी असते, पायबंद असतो. तसाच हा पायबंद, पण घोड्याला बांधून ठेवण्यासाठी नव्हे. पुढला डावा पाय गुडघ्यात दुमडून पहिल्या पट्ट्याने अडकवायचा. घोडा तीन पायांवर उभा राहतो. त्याला आता ना लाथ मारता येते, ना उधळता येते, ना मागल्या पायांवर उभे राहता येते. तो संतापतो, गुडघ्याने हवेत ठोसे मारतो. माणसाने शेजारी उभे राहून शांतपणे पाहावे. थोड्या वेळाने तो थांबतो. त्याच क्षणी पट्टा सोडायचा, पाय चोळायचा, थोपटायचे, विसावा द्यायचा. मग पुन्हा.

फारच कठीण जनावर असेल तर दुसरा, लांब पट्टा. अंगाभोवती तंग आवळून, त्याखालून तो ओवून, उजव्या पुढल्या पायाला बांधायचा. घोड्याने पाऊल उचलले की ओढून धरायचा. घोडा गुडघ्यांवर येतो. मग झगडा सुरू होतो. तो साधारण आठ-दहा मिनिटे चालतो. शेवटी घामाने निथळलेले ते धूड एका कुशीवर कलते. इथपर्यंत पाहणाऱ्याला वाटे की खेळ संपला. रेअरीच्या हिशेबी तो आता सुरू होई. तो घोड्याशेजारी बसे. पाव तास, वीस मिनिटे त्याचे अंग चोळी, पाय एकेक करून सरळ करी, खूर हातात घेई, कान कुरवाळी, त्याच्या मागल्या पायांमध्ये स्वतः आडवा होई आणि खूर उचलून आपल्या डोक्याला लावी. घोड्याला एवढेच कळावे की तो सर्वांत असहाय होता तेव्हासुद्धा या माणसाने त्याला दुखविले नाही. मग पट्टे सोडून त्याला उठू द्यायचे. पुढच्या भेटीत तोच घोडा डोक्याशी उघडलेली छत्री आणि पाठीवर वाजणारा ढोल सहन करी.

गुपित मात्र फार दिवस टिकले नाही. रेअरीची जुनी अमेरिकन पुस्तिका लंडनच्या रटलेज या प्रकाशकाने त्याच साली परस्पर छापून स्वस्तात विकायला काढली. दहा गिनी भरलेल्यांचे तोंड मिटलेले आणि चार पैसे मोजणाऱ्यांच्या हातात सगळी विद्या, असा प्रकार झाला. वर्गणीदारांना वचनातून मोकळे करावे लागले. पण प्रेक्षक हटले नाहीत. कृती वाचून पुरणपोळी साधत नाही, तसेच हे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला झेब्रा त्याने हाताळला. घोड्यांहून तो त्याला अवघड गेला. पॅरिसमध्ये स्टॅफर्ड नावाचा, क्रूझरच्याच जातीचा बदनाम घोडा त्याने वठणीवर आणला. स्वीडन, प्रशिया, रशिया असा त्याचा प्रवास झाला. इंग्रजी भाषेत त्याच्या नावाचे क्रियापदसुद्धा झाले.

आपल्या ग्वाल्हेरकरांना १८५८ हे साल वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. त्या जूनमध्ये झाशीची राणी इथे, आपल्या गावाच्या कडेला, लढता लढता पडली. नव्या घोड्याने नाल्याशी पाऊल अडवले आणि घात झाला, असे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगतात. फुलबागेतल्या समाधीपाशी हे ऐकल्याशिवाय आपल्यातले कोणी मूल मोठे झालेले नाही. ज्या वसंतात लंडनला इंग्रज अधिकारी घोड्याचा विश्वास कसा मिळवावा याचे धडे दहा-दहा गिनी देऊन घेत होते, त्याच्या पाठोपाठच्या उन्हाळ्यात इथे एका अनोळखी घोड्यावर एवढा प्रसंग आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी त्या एकाच वर्षातल्या आहेत हे ध्यानात आले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो.

आणखी एक आठवण इथे ओघाने येते. आपल्या विष्णुपंत छत्र्यांनी अश्वविद्या ग्वाल्हेरातच मिळविली आणि इथेच हद्दूखाँसाहेबांच्या पायाशी बसून गाणेही घेतले. पुढे कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत पाहून त्यांनी आपली सर्कस काढली आणि हिंदी सर्कशीचे जनक म्हणून ते मान्यता पावले. गाणे आणि घोडा या दोन विद्या एका माणसात नांदल्या याचे कित्येकांना आश्चर्य वाटते. मला रेअरी वाचल्यापासून वाटेनासे झाले. दोन्हीकडे कान लागतो, आणि कुठे थांबायचे ते कळावे लागते.

रेअरी १८६० च्या अखेरीस मायदेशी परतला. येताना त्याने क्रूझरलाही बरोबर आणले. तो घोडा आता त्याचाच झाला होता. जानेवारी १८६१ मध्ये न्यूयॉर्कच्या निब्लो थिएटरात दोघांचे प्रयोग झाले. पण थोड्याच महिन्यांत अमेरिकेत यादवी पेटली. त्या युद्धात घोडे माणसांच्या बरोबरीने मेले. सरकारने रेअरीला पोटोमॅकच्या सैन्यातले घोडे तपासून अहवाल देण्याचे काम सांगितले. ज्याने एकेका घोड्यापाशी तासन् तास बसून त्याचे मन ओळखले, त्याला उपाशी आणि खरजेने गेलेल्या घोड्यांच्या रांगांपुढून चालावे लागले असेल, तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल याची कल्पना करवत नाही.

युद्ध संपल्यावर तो फार दिवस राहिला नाही. त्याला पक्षाघात झाला आणि ४ ऑक्टोबर १८६६ रोजी क्लीव्हलंड येथे त्याने देह ठेवला. चाळिशीही गाठली नव्हती. क्रूझर मात्र त्याच्यामागे १८७५ सालापर्यंत जगला. ग्रोव्हपोर्टच्या शाळेतली मुले खेळाच्या मैदानात आजही क्रूझर याच नावाने उतरतात. माणसाच्या हातून मरता मरता वाचलेल्या एका परदेशी घोड्याचे नाव अमेरिकेतल्या खेड्याने दीड शतक जपावे, हे स्मारक मला पुतळ्याहून मोठे वाटते.

इथे चरित्र संपले. पण गुण गाऊन थांबलो तर ते प्रामाणिक होणार नाही.

आजचे जाणकार रेअरीच्या पट्ट्यांकडे थोड्या साशंकतेने पाहतात, आणि त्याला कारण आहे. १९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि त्यांचे सहकारी यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. ज्या वेदनेतून सुटण्याचा मार्गच नाही अशी वेदना काही कुत्र्यांना वारंवार दिली. पुढे सुटण्याची वाट उघडी ठेवली, तरी त्यांपैकी पुष्कळ कुत्री उठली नाहीत, पडून राहिली. काही केले तरी उपयोग नाही, हे ती शिकली होती. पायबंद घालून पाडलेला घोडा अखेर स्वस्थ पडतो, तेव्हा त्यातला किती भाग विश्वासाचा आणि किती भाग या हताशपणाचा, हा प्रश्न म्हणूनच विचारला जातो. आजचे चांगले शिक्षक घोड्याला पाडीत नाहीत. ते मोरकीच्या दोरावर हलका ताण देतात आणि घोड्याने केसभर मान दिली की त्याच क्षणी ताण सोडतात. रेअरीच्या शिकवणीतले सोडणे त्यांनी ठेवले, पाडणे टाकले. आणि अवघड घोडा समोर आला तर शिकविण्याआधी त्याचे दात, पाठ, खूर आणि डोळे तपासतात. कारण पुष्कळदा खोड म्हणून जिला आपण नावे ठेवतो ती वेदना असते.

बाहेरून दोन्ही घोडे सारखेच दिसतात, हीच पंचाईत आहे. भरवसा ठेवणाराही उभा राहतो आणि आशा सोडलेलाही उभा राहतो. पहिल्याचे कान तुमच्या मागे फिरतात, दुसऱ्याचे कुठेच फिरत नाहीत.

म्हणून आता ती कुमैत घोडी. मेळ्यानंतर पाच-सहा महिन्यांनी मला ती स्टेशनबाहेरच्या तांग्यांच्या रांगेत दिसली. मान खाली घालून उभी होती. एक नालबंद तिचा तोच मागला डावा पाय मांडीवर घेऊन कानशीच चालवीत होता आणि तिने कानही हलविला नाही. मला मोठा आनंद झाला. घोडी सुधारली असे मी धावत घरी येऊन सांगितले. नानांनाही बरे वाटले. बाबा दुसऱ्या दिवशी स्टेशनापर्यंत पायी जाऊन आले. त्यांनी नानांना एवढेच सांगितले की, ती सुधारलेली नाही, ती थांबली आहे. या बोलण्याचा अर्थ मला रेअरीचे पुस्तक हातात येईपर्यंत लागला नाही.

आणि आणखी एक गोष्ट आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला सभोवार जवळपास सगळे दिसते. फक्त कपाळाच्या अगदी पुढ्यातले आणि ठीक शेपटीमागचे तेवढे दिसत नाही. त्या दिवशी मी हरभरे घेऊन तिच्या बरोबर मागून गेलो होतो. बाबांनी दहादा बजावले होते, तरी आवाज न करता गेलो, कारण मला तिला चकित करायचे होते. घरी मात्र मी सांगितले की, मी समोरून गेलो, तिला हाका मारल्या, आणि तरीही ती फिरून लाथ मारून गेली. त्या माझ्या शब्दावर नानांनी तिला विकले.

बाबांना हे ठाऊक होते. मला उचलून नेल्यावर थानात आधी तेच गेले होते. हरभरे तिच्या मागल्या पायांशी सांडलेले होते. नाना कचेरीतून परत येण्याच्या आत त्यांनी ते झाडून काढले, आणि पुढे मरेपर्यंत त्यांनी त्याविषयी एक शब्दही काढला नाही.